क्रॉसफ्लो इन्स्टॅबिलिटीला मराठीत काय म्हणायचं? 'आडवा' म्हणजे कशाला आडवा?

मंडळी, भाचा जळगावला इंजिनीअरिंगला आहे, त्याच्या सेमिनारचं टिपण मराठीत करून देतेय. विषय आहे स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या, विमानाच्या मागे झुकलेल्या पंखावरचा सीमास्तर. बाऊंड्री लेयरला सीमास्तर ठीक वाटतं, पण क्रॉसफ्लो इन्स्टॅबिलिटीला मी 'आडव्या प्रवाहाची अस्थिरता' लिहिलं तर तो विचारतो, मावशी, आडवा म्हणजे कशाला आडवा, पंखाला की विमानाला? मला काही सांगताच आलं नाही. कुणाला चांगला शब्द सुचतोय का?

ताई, भाच्याने नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं. आडवा तो ना पंखाला ना विमानाला, थराच्या बाहेरून जी हवा जाते तिच्या वाटेला आडवा. आणि आधी सीमास्तराचं बोलू. सीमा म्हटलं की आपल्याला गावची शीव आठवते, म्हणजे बाहेरची हद्द, पण प्रवाहशास्त्रज्ञ प्रांटलने १९०४ साली हायडेलबर्गला ही कल्पना मांडली तेव्हा सीमा होती ती खुद्द भिंत, इथे पंखाचा पत्रा. पत्र्याला टेकलेली हवा विमानाबरोबर चिकटून जाते आणि तिच्या वरच्या पातळ थरात वेग झपाट्याने बदलतो. टिपणात हे एका ओळीत लिहाच.

आता आडवेपण. तिरक्या पंखावरून जाताना बाहेरची हवा वळण घेते, दाब तिला वळणाच्या आतल्या बाजूला ओढतो पण तिचा वेगच एवढा की ती त्या ओढीला पुरून उरते. थरातली हवा मात्र मंदावलेली, दाब तोच, मग ती आतल्या बाजूला जास्त ओढली जाते. गिरणेच्या वळणावर बघा, तळाचं मंद पाणी आतल्या काठाकडे सरकतं म्हणून वाळू आतल्या बाजूला साचते आणि बाहेरचा काठ ढासळतो. १९२६ साली आइनस्टाइनने चहाच्या पत्तीवरून हेच समजावलं होतं. ग्लासात पाणी घ्या, चिमूटभर चहापत्ती टाका, चमच्याने गोल फिरवा आणि चमचा काढून घ्या, पत्ती तळाशी मध्यभागी गोळा होते. नदीकाठची माणसं 'पाण्याला ओढ आहे' म्हणतात ना, म्हणून माझं मत 'आडओढ'.

भाऊ, आडओढ छान आहे पण ओढ म्हणजे खेच, प्रवाह नव्हे, त्यामुळे प्रवाहाला 'आडप्रवाह'च ठेवा आणि कारण सांगताना आडओढ वापरा. मला जास्त खटकतं ते 'अस्थिरता'. ते वाचून कुणालाही वाटेल विमान हेलकावे खातंय! खरं तर एवढीशी गडबड वाढत जाते इतकंच, मराठीत आजार बळावतो तसं. आडप्रवाहाचा वेग पत्र्यापाशी शून्य, थराच्या बाहेर शून्य आणि मधे जास्त, त्यामुळे या वेगाच्या आलेखाचं वळण मधेच उलटं फिरतं आणि असा प्रवाह फार नाजूक असतो. म्हणून 'आडप्रवाहात क्षोभ बळावणे' असं क्रियापदानेच सांगावं. आणि त्यातून जे भोवरे होतात ते नदीतल्या भोवऱ्यासारखे उभे नसतात, हवेच्या दिशेने जवळपास समांतर लांबच लांब पसरलेले असतात आणि सगळे एकाच बाजूला फिरतात. सुंभाचा पीळ जसा एकाच अंगाने जातो तसे. त्यांना 'पीळभोवरे' म्हणा. १९५२ साली इंग्लंडात ग्रे या संशोधकांना तिरक्या पंखाच्या पुढच्या भागात ज्या समांतर रेघा दिसल्या त्या याच.

आणि ट्रान्झिशनला, म्हणजे थरातला शांत प्रवाह खळबळता होण्याला, 'संक्रमण' अजिबात नको, लोकांना साथीचा रोग आठवतो. 'स्थित्यंतर' लिहा. ते लांबवायलाच तर एवढा खटाटोप असतो, कारण प्रवाह एकदा संक्षुब्ध (खळबळता) झाला की घर्षण वाढतं आणि स्वनातीत वेगाला पत्राही जास्त तापतो. त्यासाठीच नासाने १९९० च्या दशकात एफ-१६ एक्सएल या विमानाच्या पंखावर बारीक भोकांचं टायटॅनियमचं आवरण बसवून थरातली हवा शोषून बघितली होती.

खूप आभार दोघांचे. आत्ताच ओट्यावर पत्तीचा प्रयोग केला, खरंच मधे गोळा झाली, भाचा तीनदा करून बघत बसला. आडप्रवाह, पीळभोवरे, स्थित्यंतर घेतेय. लीडिंग एजला मी 'पुढची कड' लिहिलं होतं ते आता 'पुढची धार' करतेय, कारण तो म्हणतो तिथली डोळ्याला न दिसणारी खरखरसुद्धा हे पीळ जागे करते.