सोसायटीच्या बाग ग्रुपवर: बेसिल मान टाकतंय, रोझमेरी पिवळी पडतेय

*बी-४०२:* सुपरमार्केटमधून बेसिलची कुंडी आणली, हडपसरच्या नर्सरीतून रोझमेरी आणि पुदिना. बेसिल आठवड्यातच मान टाकायला लागलंय. रोझमेरी खालून पिवळी पडतेय. पाणी रोज सकाळी तिन्हींना घालते. गॅलरी पश्चिमेची. काय चुकतंय?

*ए-१०३ काका:* आधी बेसिलची खोडं मोजा. एक झाड वाटतं, पण त्यात पंधरा-वीस रोपं निघतील. कुंडी भरगच्च दिसावी म्हणून बी दाट पेरतात. विकायला छान, जगवायला अवघड. चार इंची कुंडीत मुळांची नुसती गर्दी.

*ए-१०३ काका:* कुंडी तासभर आधी भिजवा. मग उलटी करून गोळा बाहेर काढा आणि हातानेच चार भाग करा, प्रत्येकात चार-पाच रोपं. एकेक रोप सुटं करायच्या नादी लागू नका, मुळं तुटतात. प्रत्येक भागाला सहा ते आठ इंची कुंडी. वरचा एक तृतीयांश भाग छाटा, कारण कमी झालेल्या मुळांना सगळी पानं पोसवत नाहीत. हे काम संध्याकाळी करा. तीन-चार दिवस सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हात.

*सी-६०१ ताई:* छाटलेले शेंडे फेकू नका. पेराच्या जरा खाली कापलेली चार-पाच इंची काडी, खालची पानं काढून, पेलाभर पाण्यात ठेवायची. पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. मूळ कुंडी गेली तरी बेसिल घरात राहतं. आणि तुरा दिसला की लगेच खुडा, फुलावर आलं की पानं बारीक आणि कडवट होतात.

*बी-४०२:* आणि रोझमेरी? तिला तर आणखी पाणी हवं असं वाटलं, पानं गळतात म्हणून.

*सी-६०१ ताई:* तिथेच घोटाळा होतो. पाणी कमी पडलं तरी पानं गळतात, मुळं कुजली तरी गळतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओलं असूनही पानं गळत असतील तर पाणी बंद. पुदिना आणि रोझमेरी एकाच वेळापत्रकावर जगत नाहीत. पुदिन्याला माती कायम ओलसर हवी, रोझमेरीला वरचे दोन इंच पूर्ण सुकल्यावरच पाणी. बोट घालायचं नसेल तर कुंडी उचलून बघा, वजनावरून आठवड्यात अंदाज येतो.

*ए-१०३ काका:* नर्सरीतलं रोप असेल तर अजून एक. पिशवीत लाल चिकट मातीचा गोळा असतो. तो एकदा सुकला की पाणी आत शिरत नाही, कडेने वाहून खाली जातं. आपल्याला वाटतं भरपूर घातलं, आत मात्र कोरडं. पिशवी काढून गोळा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग कडेची माती बोटांनी थोडी सैल करा आणि मोठ्या कुंडीत लावा. रोझमेरीचा गोळा आधीच ओला असेल तर बादली नको.

*बी-४०२:* मिश्रण काय घेऊ?

*ए-१०३ काका:* बेसिल-पुदिन्याला दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). रोझमेरीला कोकोपीट नको, ते पाणी धरून ठेवतं. दोन भाग माती, दोन भाग जाडी वाळू, मूठभर खत. तळाला विटांचे तुकडे टाका, निचरा होतो.

*सी-६०१ ताई:* काका, विटांच्या थराला माझा विरोध 🙏 बारीक मातीतलं पाणी मोठ्या फटींच्या थरात सहज उतरत नाही, त्याच्या वरच अडकतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळीचा तुकडा, बस. भोकं मात्र चार-पाच हवीत.

*ए-१०३ काका:* वर्षानुवर्षं घालतोय, पण मुद्दा पटतो. आठ इंची कुंडीत तीन इंच विटा घालणाऱ्यांनी तरी नक्की वाचावा.

*डी-२०५:* आरओचं टाकाऊ पाणी झाडांना चालतं ना?

*सी-६०१ ताई:* रोज नको. क्षार त्यातच साठलेले असतात. मातीवर पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर तेच कारण. फरशी पुसायला वापरा.

*सी-६०१ ताई:* बी-४०२, पश्चिमेचं दुपारचं ऊन एप्रिल-मेमध्ये पुदिन्याला झेपत नाही, हिरवी जाळी लावा. रोझमेरीला ऊन चालतं, पण पावसात ती आत घ्या. सततचा ओलावा तिला मारतो. पुदिन्याला खोल नाही, पसरट कुंडी द्या, धुमारे आडवे पळतात. पानाखाली नारिंगी ठिपके दिसले तर तांबेरा. त्या काड्या मातीलगत कापून कचऱ्यात टाका, खतात नाही.

*डी-२०५:* आणि माझ्या तुळशीवर बारीक जाळी आलीय.

*ए-१०३ काका:* लाल कोळी. कोरड्या हवेत येतो. आधी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा. नाही गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी मारा. उन्हात मारलं तर पानं करपतात. मंजिऱ्या खुडत राहा. आणि पूजेचं दूध तुळशीत नको, बुरशी आणि मुंग्या दोन्ही येतात.

*सी-६०१ ताई:* महत्त्वाचं राहिलं. विकत आणलेल्या रोपावर कोणती फवारणी झालीय ते कळत नाही. आहेत ती पानं खाऊ नका. छाटून नव्या फुटीची वाट बघा, तीच वापरा.

*सेक्रेटरी:* कुंड्यांचं पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतंय, दोन तक्रारी आल्यात. ताटल्या ठेवा. पण ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

*ए-१०३ काका:* ताटलीत वाळू भरा, किंवा पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ओतून टाका. मुळांनाही साचलेलं पाणी नकोच.

*बी-४०२:* धन्यवाद सगळ्यांना. कोणाकडे उरलेलं कोकोपीट आहे का? चार कुंड्यांपुरतं.

*डी-२०५:* ६५० ग्रॅमची अख्खी वीट आहे. फुगल्यावर आठ-नऊ लिटर होईल, तुम्हाला पुरून उरेल. संध्याकाळी सातनंतर या.

*सी-६०१ ताई:* वापरण्याआधी दोनदा पाण्याने धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं.