हॉलच्या भिंतीवर काय लावू? प्लॅस्टिक नको, एमडीएफ नको, पण भिंत रिकामीही नको

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय.

सिंहगड रोडला नवीन फ्लॅटमध्ये येऊन तीन महिने झाले. सोफ्याच्या मागची भिंत साधारण दहा फूट, पूर्ण मोकळी, आणि येणारा प्रत्येक जण म्हणतो इथे काहीतरी लावा. म्हणून ऑनलाइन 'इको फ्रेंडली वॉल आर्ट' शोधून तीन चित्रांचा सेट मागवला. खोकं उघडलं तर थर्माकोलचे कोपरे, बबल रॅपचे चार वेढे आणि घरभर असा वास की मुलीला दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं (चार वर्षांची आहे, दम्याचा त्रास आहे). म्हणायला कॅनव्हास, पण हाताला ताडपत्रीसारखा. मागे एमडीएफ. यात इको फ्रेंडली नेमकं काय हे पॅकिंगवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, विचारलं तर उत्तरही आलं नाही. परत पाठवला.

आमच्याकडे गेली बारा वर्षं गणपती शाडूचा असतो. दीड दिवसाच्या मूर्तीसाठी आपण मातीचा एवढा विचार करतो, मग जे दहा-पंधरा वर्षं डोळ्यासमोर राहणार आणि शेवटी कचऱ्यात जाणार त्याचा का करू नये, असं मला मनापासून वाटतं.

तर घेताना काय काय बघायचं, पुण्यात कुठे मिळेल, आणि ते मॉस वॉल, लिपन आर्ट वगैरे खरंच नैसर्गिक असतं का ते सांगा ना. भिंत पश्चिमेची आहे, समोरच्या बाल्कनीतून नाही पण बाजूच्या खिडकीतून दुपारी ऊन येतं, आणि पावसाळ्यात डाव्या कोपऱ्यात थोडी ओल धरते. बजेट सगळं मिळून सहा-सात हजार.

चौकटवाला

ताई, मी फ्रेमिंगचं काम करतो, वीस-बावीस वर्षं झाली. पहिली गोष्ट, चित्र घेताना आधी उलटं करा आणि पाठ बघा. समोरून सगळी सारखीच छान दिसतात, कशाचं बनवलंय ते मागून कळतं.

कॅनव्हासचं सांगतो. बाजारात प्रिंट करून मिळतो त्यातला बराचसा पॉलिस्टरचा असतो किंवा मिक्स, वरून शाई धरायला कोटिंग. मागे दुमडलेल्या कडेचा एक धागा ओढून घ्या आणि बाहेर नेऊन काडी लावा, सुती असेल तर कागदासारखा जळेल, मऊ राख पडेल. पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. दुकानदार धागा काढू देत नसेल तर तुकडा मागा, सॅम्पल सगळ्यांकडे असतं. शाई कोणती तेही विचारा. 'इको सॉल्व्हंट' नाव ऐकून फसू नका, ती सॉल्व्हंटचीच, म्हणजे पाण्याऐवजी रासायनिक द्रावकावर चालणारी शाई आहे, वास कमी येतो एवढंच. पाण्यावर चालणारी पिगमेंट शाई सुती कागदावर मारलेली सगळ्यात बरी, आणि रंगही टिकतात.

आता पट्टी, म्हणजे फ्रेम. हल्ली दहातल्या बहुतेक गिऱ्हाइकांना सोनेरी, चंदेरी, लाकडी डिझाइनची जी पट्टी दाखवतात ती सिंथेटिक असते, पॉलिस्टायरीनची, थर्माकोल ज्याचा होतो त्याचीच. वजनाला हलकी, पाठीमागे नख रोवलं की खळगा पडतो. ओलीने फुगत नाही, वाळवी लागत नाही म्हणून आम्हीही विकतो, खोटं कशाला बोलू, पण एकदा कोपरा तुटला की ती दुरुस्त होत नाही आणि भंगारवालाही घेत नाही. लाकडाची पट्टी महाग पडते म्हणून लोक मागे सरतात. त्यावर उपाय आहे. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा, जुन्या देवांच्या तसबिरी, आजोबा-पणजोबांच्या फोटोच्या सागवानी चौकटी मिळतात. काच फुटलेली, चित्र कुजलेलं, पण लाकूड खणखणीत. आम्ही ती कापून हव्या त्या मापाची करून देतो, पॉलिश पेपर मारून नुसतं जवसाचं तेल लावलं तरी सुंदर दिसते. माझ्या हातून अशा कितीतरी गेल्यात आणि मला त्या कामाचा जास्त आनंद होतो.

ओलीच्या कोपऱ्यात मात्र काहीही टेकवून लावू नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, भिंत आणि फ्रेममध्ये अर्धा इंच हवा खेळली पाहिजे. पुण्यात पावसाळ्यात फ्रेमा खराब होतात त्या बहुतेक याच कारणाने.

वाकडकर_७

एमडीएफला उगाच शिव्या देताय असं वाटतं. ते लाकडाच्या तुकड्या-भुशापासूनच बनतं ना, म्हणजे वाया जाणाऱ्या लाकडाचा वापर झाला. नवीन झाड तोडून सागाची फ्रेम करण्यापेक्षा चांगलंच की. आणि वासाचं म्हणाल तर महिनाभर बाल्कनीत ठेवायचं, जातो.

चौकटवाला

लाकडाबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणून तर मी जुनी चौकट म्हटलं, नवीन साग नाही. अडचण गोंदाची आहे. भुसा धरून ठेवायला यूरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद घालतात, त्यातून फॉर्मल्डिहाइड हळूहळू हवेत येत राहतं, उष्णतेत आणि दमट हवेत जास्त. दिवसांबरोबर कमी होतं हे खरं. घ्यायचंच तर ई-१ किंवा ई-० ग्रेड, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा बोर्ड मागा आणि कापलेल्या उघड्या कडा बंद करून घ्या, तिथूनच जास्त येतं. एका छोट्या पाटीने कुणाचं काही बिघडत नाही, अख्ख्या मॉड्युलर किचनमध्ये त्याच्या शंभरपट बोर्ड असतो. पण ताईंच्या मुलीला दमा आहे, मग जे टाळता येतं ते टाळावं.

गेरू_आणि_चुना

शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

लिपन मुळात कच्छचं. तिथे भुंग्याच्या, म्हणजे गोल मातीच्या घराच्या भिंतीवर माती आणि जनावराचं शेण कालवून नक्षी उठवतात आणि त्यात आरसे बसवतात. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये जे शिकवतात ते बहुतेक एमडीएफच्या गोल पाटीवर इपॉक्सीच्या तयार क्लेने आणि वरून ॲक्रिलिक रंग. दिसायला सुंदर, पण त्यातली माती गेली. घरी करायचं असेल तर जुना लाकडी पाट घ्या, शाडू, कागदाचा लगदा आणि डिंक मळून नक्षी करा. थोड्या भेगा पडतात, त्या पुन्हा लिंपायच्या.

मॉस वॉल पुण्याला मी सुचवणार नाही. ते शेवाळं जिवंत नसतं, ग्लिसरीनमध्ये मुरवून रंगवलेलं असतं. ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, जुलै-ऑगस्टमध्ये चिकट होतं, धूळ धरतं, आणि धूळ धरणारी गोष्ट दम्याच्या घरात कशाला.

आता वारली. हा माझा जिव्हाळ्याचा विषय. पालघर-डहाणूकडे लग्नघरात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या, हो, 'लिहायच्या', काढायच्या नाही. बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा. लग्न झालं, दिवस गेले, भिंत पुन्हा सारवली की चित्र मातीत गेलं. आपण आज ज्याला कचरा न होणारी कला म्हणून शोधतोय ती त्या बायका पिढ्यानपिढ्या करत होत्या, आणि हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं एकदम शांत होतात. पुढे १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ती कागद-कापडावर आणली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा वारली घ्यायचं तर शेण-गेरूने सारवलेल्या सुती कापडावरचं, हाताने केलेलं, शक्यतो कलाकाराकडूनच घ्या. भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी कलाकार स्वतः येतात, कोणत्या रंगाने केलंय ते विचारा, मोकळेपणाने सांगतात. बरेच जण आता तयार पांढरा रंग वापरतात, त्यात वावगं काही नाही, पण आपल्याला माहीत असावं. कापडाच्या मागे कलाकाराचं नाव लिहून घ्या.

तसंच पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला. कुडाळजवळ ठाकर समाजाची कला, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली, पिंगुळीला त्यांचं छोटं संग्रहालय आहे. कोकणात जाणं झालं तर वाकडी वाट करून जा.

स्वतः काढायचं असेल तर शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावर हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. सुती कापडाच्या कातरणाचा लगदा करून कागद बनवतात, झाड तोडावं लागत नाही. मुलीला बरोबर न्या, तो कागद हातात धरला की वेगळंच वाटतं. रंगात गेरू, काजळी, पिवळी माती हे उन्हाला दाद देत नाहीत. हळद वापरू नका, सुंदर दिसते पण उन्हाने पार उडून जाते, तुमच्या भिंतीवर तर वर्षही टिकणार नाही. बांधायला बाभळीचा डिंक.

आणि भिंतीला प्लॅस्टिक इमल्शन असेल तर त्यावर थेट गेरू लावू नका, धरत नाही, पोपडे निघतात.

कसब्यातली

एवढं सगळं नवीन घेण्याआधी मला एक सुचवायचंय. पुण्यातच पेठांमध्ये चक्कर मारा. बुरूड आळीत बांबूची सुपं, रोवळ्या, परड्या, टोपल्या मिळतात, लहान-मोठ्या सात-आठ घ्या आणि भिंतीवर मांडा, दहा फूट भिंत भरून जाईल आणि तुमच्या बजेटमध्ये पैसे उरतील. आमच्याकडे सहा वर्षं आहेत. आई पूर्वी सुपाला मेथी आणि कागदाचा लगदा लिंपायची, फटी बुजायच्या आणि सूप टिकायचं, मी दोन सुपं तशीच लिंपून त्यावर गेरू फिरवलाय, लोक येऊन त्यालाच हात लावून बघतात. फक्त घेताना लक्ष द्या, खाली पिवळसर बारीक पीठ पडत असेल तर आत भुंगा आहे, ते घेऊ नका. दरवर्षी पावसाळ्यानंतर उन्हात टाकायची आणि कडुलिंबाचं तेल फिरवायचं.

दुसरं म्हणजे तांबट आळी. तिथे हातोडीने ठोकून मठारकाम करतात, त्याच्या परातीसारख्या थाळ्या भिंतीवर उन्हात जे काही चमकतात! नवीन महाग आहे, पण जुन्या भांड्याला कल्हई-ठोका करून देतात. तांबं कधी कचऱ्यात जात नाही, पन्नास वर्षांनीही कोणीतरी वितळवून वापरेल. लॅकर मारू नका म्हणावं, काळं पडलं तर चिंच-मीठ आहेच.

पण खरं सांगू, आधी माळा उघडा. तुमच्या किंवा सासूबाईंच्या. आपल्या बहुतेक घरात लावण्यासारखं काहीतरी आहे आणि ते बोहारणीला द्यायच्या बेतात आहे.

पर्वतीपायथा

तुम्हा सगळ्यांना किती धन्यवाद देऊ. कसब्यातली ताई, तुमची शेवटची ओळ वाचून काल सासूबाईंना फोन केला, आणि आज सकाळी त्या भोरहून येताना पिशवीत आज्जीची गोधडी घेऊन आल्या. म्हणजे माझ्या आजेसासूबाईंची. नऊवारीचे तुकडे, हिरवं इरकलचं काठ मधोमध, बाहेर चौकोनी घड्या, आणि टाके इतके बारीक की मी बोट फिरवत बसले. एका कोपऱ्यात खणाचा तुकडा आहे, तो सासऱ्यांच्या बारशाच्या झबल्यातला, हे त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली आणि मला हे माहीत नव्हतं. मुलगी तेव्हापासून त्या तुकड्याशेजारी बसून आहे.

तर मधोमध गोधडी, आणि उजवीकडे तीन-चार सुपं असं ठरलंय. डावा ओलीचा कोपरा मोकळा सोडणार. चौकटवाले काका, गोधडीला फ्रेम करू का? साधारण पाच बाय चार आहे. आणि दम्याच्या दृष्टीने कापड चालेल ना, धुवायची कशी?

चौकटवाला

फ्रेम करू नका ताई. एवढ्या मापाला काच जड होईल, आणि कापड काचेला टेकलं की पावसाळ्यात बुरशी धरतं. खिळेही ठोकू नका, टाके ओढले जातात. सोपं सांगतो, मागच्या बाजूला वरच्या कडेला सुती कापडाचा नेफा शिवून घ्या, परकराला असतो तसा, पूर्ण लांबीचा, म्हणजे वजन एका ठिकाणी येणार नाही. त्यात बांबू किंवा लाकडी दांडा घाला आणि दोन टोकांना दोन खिळे. धुवायला हवं तेव्हा दांडा ओढला की गोधडी मोकळी.

कसब्यातली

धुण्याचं मी सांगते. मशीनमध्ये नको. आधी एका कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा रंग जातो का, इरकलचा लाल काठ असेल तर नक्की बघा. नाही गेला तर रिठ्याच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने, पिळायचं नाही, पलंगावर चादर टाकून सावलीत आडवी वाळवायची. मुलीसाठी म्हणून दर पंधरा दिवसांनी उतरवून बाल्कनीत झटका, तेव्हा तिला घरात ठेवा, आणि तिला त्रास वाढतोय असं वाटलं तर तिच्या डॉक्टरांना विचारा, गोधडी तिच्या खोलीत तर मुळीच नको. नेफ्यात वेखंडाचे दोन तुकडे टाका, कसर लागत नाही. आणि दुपारच्या उन्हाचं विसरू नका, खिडकीला जाडसर पडदा लावा, नाहीतर त्या हिरव्याचा दोन वर्षांत पोपटी होईल.

पर्वतीपायथा

काठ हिरवाच आहे, पण फडकं दाबून बघते. नेफ्यासाठी सासूबाईंनी त्यांची जुनी सुती साडी काढलीय, त्या म्हणाल्या शिवणार मीच, सुई आण. रविवारी सकाळी बुरूड आळीत जातोय, तिघी. लावून झालं की फोटो टाकते.