अनुभव धागा: आगमनकाळात तुमची आशा कशावर टिकली?

सर्वांना सलाम. येत्या रविवारी आगमनकाळ सुरू होतोय. नाताळाआधीचे चार रविवार, आणि ३० नोव्हेंबर म्हणजे संत आंद्रियाच्या सणाच्या सगळ्यात जवळचा रविवार तो पहिला. ठाण्यातल्या मॉलमध्ये दिवाळीचे कंदील उतरले की लगेच सांताक्लॉज उभा राहतो. चर्चमध्ये मात्र वेदीवर जांभळं वस्त्र येतं, रविवारच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत थांबतं. मला हा थांबलेला महिना फार प्रिय आहे.

आपल्याकडे साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, माणूस उभा राहतो तो बहुधा संकट संपल्यावर. नोकरी लागली, रिपोर्ट चांगला आला, की साक्ष. तीही हवीच. पण ज्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही, त्यांनीही इथे लिहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान उघडलं की पहिल्या दोन अध्यायांतच जखऱ्या, अलीशिबा, शिमोन, हन्ना भेटतात. सगळी वयाने थकलेली, आणि तरी वाट पाहणारी. नाव नको, फक्त ठिकाण लिहा.

कळवा (ठाणे)

मी मूळ जालन्याकडचा. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मशीनवर होतो. कारखाना बंद पडला, हिशेबाची केस अजून चालू आहे. या वयात ऑपरेटर म्हणून दुसरीकडे कुणी घेईना, तेव्हा सिक्युरिटीत लागलो. महापे एमआयडीसीत एका गेटवर रात्रपाळी असते.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, या दिवसांत बायबलमधलं स्तोत्र १३० वाचतात. पहारेकरी पहाटेची जेवढी वाट पाहतात, त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं त्यात आहे, आणि पहारेकऱ्यांची ती ओळ लगेच दुसऱ्यांदा येते. लहानपणापासून पाठ आहे, पण गेटवर उभा राहिलो तेव्हा ती माझी झाली. रात्री दोन ते चार हा सगळ्यात वाईट वेळ. ट्रकच्या नोंदी संपलेल्या असतात, कुत्रीसुद्धा झोपतात. तेवढ्या वेळात डोक्यात सगळं येऊन जातं. मुलीची फी, घराचा हप्ता, कोर्टाची पुढची तारीख. एक गोष्ट मात्र कधीच येत नाही, की आज उजाडेल ना? पहाट आणणं माझ्या अंगावर नाही. माझ्याकडे फक्त जागं राहण्याचं काम दिलेलं आहे.

हे मनात उतरलं तसा माझ्या प्रार्थनेचा सूर बदलला. पूर्वी अमुक साहेबांची गाठ पडू दे, तमुक कंपनीत चिकटू दे, असं मागायचो. आता म्हणतो, प्रभू, तू येणार हे मला ठाऊक आहे, तू येईपर्यंत मला जागं ठेव.

केसचा निकाल लागलेला नाही. हिने घरी शिवणकाम सुरू केलंय. महिनाअखेरीला मंडळीतलं कुणीतरी दाराशी तांदळाची पिशवी ठेवून जातं. कोण ते आम्ही शोधत नाही, नाव न घेता आशीर्वाद मागतो.

घोडबंदर रोड

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आमचं बाळ पोटातच गेलं. पाचवा महिना होता. पुढे आगमनकाळ लागला आणि नाताळ जवळ येईल तसं वाचनांत कुणाला ना कुणाला मूल होणार होतं. लोक प्रेमानेच म्हणायचे, "अलीशिबेला बघ, देवाने म्हातारपणी दिलं." ते ऐकलं की मला मिस्सेत बसवेना.

मग वसईहून मावशी आली. सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा घेऊन आली आणि राहिलीच. मला समजावायचा तिने एकदाही प्रयत्न केला नाही. स्वयंपाक करायची, संध्याकाळी रोझरी (जपमाळ) म्हणायची, मी रडायला लागले की जवळ येऊन बसायची. नाताळ झाला, तीन राजांचा सण झाला, तेव्हा कुठे परत गेली. निघताना म्हणाली, "बाय, लूक पुन्हा वाच. मरियामाता अलीशिबेकडे गेली तेव्हा काय बोलली ते सगळ्यांना पाठ आहे. ती तिथे तीनेक महिने राहिली, ते कुणी सांगत नाही."

'देवावर भरवसा ठेव' असं कुणी म्हटलं की आजही माझा घसा दाटून येतो. पण त्या नाताळात तो माझ्या घरी राहायला आला होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. आम्हांला अजून मूल नाही. पॅरिशमध्ये कुणावर असा प्रसंग आला की मी जाते. बायबलमधले दाखले देत नाही, भांडी घासते आणि बसून राहते.

वाशी

माझं थोडंच आहे. आई गेली त्याच वर्षी तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती पेटवायला युवक गटातून माझं नाव आलं. तो आनंदाचा रविवार. मी फादरना म्हटलं, मला जमणार नाही. ते म्हणाले, "प्रभूमध्ये आनंद करा, हे प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना पत्रात तुरुंगातून लिहिलंय." मी पेटवली. हात थरथरत होता. आनंद झाला असं खोटं सांगणार नाही. पण रडायचं असेल तर विश्वास बाजूला ठेवावा लागतो, असं जे वाटत होतं, ते त्या दिवसापासून गेलं.

धागाकर्ती

घरी ॲडव्हेंट रीथ, म्हणजे आगमनकाळातल्या मेणबत्त्यांचं हिरवं चक्र, कशी करायची, असं एका ताईंनी विचारलंय. गोल ताटात हिरवा पाला, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, दर रविवारी एक वाढवत जायची. पाइन शोधत फिरू नका, अशोकाचा पाला छान दिसतो. ही पद्धत १८३९ साली हाम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न यांनी निराधार मुलांच्या आश्रमात सुरू केली. 'नाताळ कधी?' असं मुलं सारखी विचारायची, म्हणून त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या आणि बाकी दिवसांच्या लहान. ज्या मुलांना घरच नव्हतं त्यांच्यासाठी हे झालं, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

नेरूळ

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. घरात कुणाची किडनी जुळत नाही, म्हणून मृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षा यादीत नाव आहे. मोबाइल कायम उशाशी असतो.

नाव लागल्यानंतरच्या पहिल्या आगमनकाळात मला प्रार्थनाच करता येईना. मला किडनी मिळू दे, असं म्हणायचं म्हणजे कुणाच्या तरी घरावर आकाश कोसळू दे, असंच ना? देवाकडे असं कसं मागायचं? शेवटी बायकोला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग त्या घरासाठीच प्रार्थना करू."

तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी त्या अनोळखी घरासाठी प्रार्थना करतो. तिथली माणसं सुखरूप राहोत, रस्त्यावर सांभाळली जावोत, त्यांना दीर्घायुष्य मिळो. आणि कधी तो दिवस आलाच, तर प्रभू, सगळ्यात आधी त्यांच्याजवळ जा, आमच्याकडे नंतर ये. सुरुवातीला वाटायचं, मी स्वतःच्याच विरुद्ध मागतोय. आता तसं वाटत नाही. ते आणि मी एकाच्याच हातात आहोत, आणि त्या हातांना दोघांपैकी एकाला सोडावं लागत नाही, असा माझा विश्वास आहे. तो कसा पार पाडेल ते मला कळत नाही. फोन अजून आलेला नाही.

रविवारी डायलिसिस नसतं. सकाळच्या मराठी मिस्सेत पहिलं वाचन माझ्याकडे आहे. पायऱ्या चढायला वेळ लागतो, म्हणून आम्ही लवकर निघू. नेरूळ स्टेशनच्या बाजूने कुणी येणार असेल तर कळवा, रिक्षात एक जागा आहे.