'दीवाना' आणि सोनूचा स्वतःचा आवाज

सोनू निगमचा 'दीवाना' हा अल्बम चालला तो 'परदेस' आणि 'बॉर्डर'च्या पुण्याईवर, हे मला अर्धंच पटतं. १९९७ च्या त्या दोन चित्रपटांनी सोनू निगमला नाव दिलं, टीव्हीवरच्या 'सारेगम' या गाण्याच्या स्पर्धेच्या सूत्रसंचालनाने चेहरा आधीच घरोघरी पोचवला होता. पण 'रफीसारखा गातो' हा शिक्का काही पुसला जात नव्हता. पुसणार तरी कसा, टी-सीरीज या कॅसेट कंपनीने त्याच्याकडून रफीची गाणी गाऊन घेऊन कॅसेटी काढल्या होत्या!

१९९९ मधल्या 'दीवाना'त मात्र मागे नायक नाही, प्रसंग नाही, नुसता आवाज. 'अब मुझे रात दिन' पुन्हा ऐका. संथ लय, वाद्यं बेताची, आणि तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो. जोर लावायची संधी असूनही लावत नाही. शब्दांच्या शेवटी श्वास सोडायची ती लकब पुढे त्याच्या चित्रपटगीतांतही दिसते. माझ्या मते त्याचा स्वतःचा आवाज इथे सापडला.

संगीतकार साजिद-वाजिद तेव्हा नवखेच होते, त्यांचंही कौतुक व्हायला हवं. चाली साध्या, कुणालाही गुणगुणता येतील अशा. सगळा अल्बम सलग ऐकला तर थोडा गोडमिट्ट होतो, हे मान्य. फैज अन्वरचे शब्दही फार खोल नाहीत. पण कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार हातात आलेल्या प्रत्येकाने हेच का वाजवलं, याचं उत्तर त्या साधेपणातच आहे ना?