कोजागिरीची पावभाजी: 'अजिनोमोटो नाही' एवढ्यावर भागेल का?

बी-३०२ काकू: कमिटीला नम्र विनंती. मेनूखाली 'अजिनोमोटो वापरणार नाही' असं लिहून हात झटकू नयेत. ज्यांना त्याने डोकेदुखीसारखा त्रास होतो त्यांच्यासाठी पावभाजीच अडचणीची आहे. गेल्या वर्षीही सांगितलं होतं. अंगठे आले चौदा, काम शून्य.

ए-५०४ काका: घातलंच नाही तर येणार कुठून?

बी-३०२ काकू: भाजीतूनच. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचंच मीठ, आणि ग्लुटामेट भाज्यांतही असतं. १०० ग्रॅम लालबुंद टोमॅटोत मोकळं ग्लुटामेट साधारण १५० ते २५० मिलिग्रॅम, मटारात २०० च्या आसपास. प्लेटला १०० ग्रॅम टोमॅटो आणि ५० ग्रॅम मटार धरा, ३०० च्या आसपास होतात. वर चीज किसलं की आणखी.

सी-१०१: ग्लुटेन ना? मग पावच नको.

डी-४०१: ग्लुटेन वेगळं हो, ते गव्हातलं प्रथिन. गव्हात ग्लुटामिक आम्ल भरपूर असतं, पण प्रथिनाच्या साखळीत अडकलेलं. पचताना सावकाश सुटतं आणि बरंचसं आतड्याच्या पेशीच वापरतात. प्रश्न मोकळ्याचा आहे. फळ पिकलं, चीज मुरलं, सोयाबीन आंबलं की ते वाढतं. म्हणून हिरव्या टोमॅटोत कमी, मुरलेल्या पार्मेझानमध्ये १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर, ताज्या पनीरची मात्र काळजी नको.

ए-५०४ काका: अजिनोमोटो केमिकल, टोमॅटो नैसर्गिक. घातलंच नाही तर येणार कुठून?

डी-४०१: काका, रेणू एकच. शरीर पावती मागत नाही. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेडांनी तो कोंबू या समुद्री शेवाळातून वेगळा काढला, कारखाने नंतर आले.

बी-२०४: शेवाळावरून आठवलं, टाकी कधी धुणार? 😄

सेक्रेटरी: विषयाला धरून बोलावे ही विनंती 🙏

डी-४०१: घाबरवायचंही नाही. चाचण्यांत काहींना डोकेदुखी वगैरे जाणवली ती अजिनोमोटो ३ ग्रॅम किंवा जास्त, तेही उपाशीपोटी घेतल्यावर. प्लेटमध्ये त्याचा साधारण दहावा हिस्सा.

बी-३०२ काकू: ज्याचं डोकं दुखतं त्याला हा हिशोब सांगून बघा.

डी-४०१: सांगतो. पण टोमॅटो आणि मुरलेलं चीज त्यातल्या हिस्टामीन या वेगळ्याच घटकानेही त्रास देतात, दोष मात्र ग्लुटामेटला जातो. खात्री हवी तर दोन आठवडे टोमॅटो, मटार, मशरूम, सोया सॉस, जुनं चीज बंद. मग एका वेळी एकच पदार्थ, ठरलेल्या मापात, जेवणाबरोबर. पुढचा तीन दिवसांनी. खाल्ल्याची आणि दुखल्याची वेळ वहीत लिहा. सगळं एकदम सुरू केलं की काहीच कळत नाही.

सी-१०१: आणि मसाल्याची पाकिटं?

बी-३०२ काकू: मागची बारीक अक्षरं वाचायची. ६२१ हा क्रमांक म्हणजे अजिनोमोटोच. 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' किंवा 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' असेल तरी मोकळं ग्लुटामेट आहेच. ६२७, ६३१ आणि ६३५ हे ग्लुटामेट नव्हेत, पण त्याची चव वाढवतात, म्हणून बहुतेक जोडीनेच असतात.

ए-५०४ काका: पण आपण घालणारच नाही ना?

बी-२०४: काकांचा मेसेज पिन करा 🙏

सेक्रेटरी: उपाय बोला. आचारी एकच आहे.

बी-३०२ काकू: वेगळं लहान पातेलं. फ्लॉवर, गाजर, ढोबळी मिरची, बेताचा बटाटा. मटार नाही. आंबटपणाला शेवटी लिंबू, रंगाला काश्मिरी मिरची आणि बोटभर बीट. जास्त बीट घातलं तर भाजी जांभळी दिसते, मग कोणी घेत नाही. टोमॅटो हवाच असेल तर बियांभोवतीचा गर काढून थोडा. त्या गरातच जास्त ग्लुटामेट असतं. डब्यातली आटवलेली प्युरी नकोच, चमचाभरात कितीतरी टोमॅटो असतात.

डी-४०१: डावही वेगळा ठेवा. मोठ्या पातेल्यातला इकडे बुडवला की सगळी मेहनत वाया. मसाला दुधाचा प्रश्न नाही, दुधात मोकळं ग्लुटामेट नगण्य.

सेक्रेटरी: बुधवारपर्यंत फ्लॅट नंबर कळवावेत. लहान पातेलं ए विंगच्या कपाटात आहे. किल्ली कोणाकडे?

बी-२०४: सी-२०३ कडे. गणपतीपासून.

सी-२०३: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे