मदत हवी आहे : आश्रमशाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी संध्याकाळचा एक तास

नमस्कार मंडळी,

मी जव्हार-मोखाडा पट्ट्यातल्या एका आश्रमशाळेत गणित-विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी मुलं-मुली एकत्र आहेत. खेळ संपल्यापासून जेवणाच्या घंटेपर्यंतचा तास मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवला आहे. त्यात शिकण्यालाही हातभार लागेल आणि मुलांना बरंही वाटेल, असं काय करता येईल?

आधी परिस्थिती सांगते. आठवीत बरीच मुलं नवी असतात. पाड्याजवळची शाळा संपली म्हणून इथे येतात आणि पहिल्यांदाच घर सोडून राहतात. त्याच वर्षी बीजगणित डोक्यावर बसतं. दिवाळीनंतर भाताची झोडणी उरकली की अनेकांचे आईवडील भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पाड्यावर म्हातारी माणसं उरतात. घरात पैसे किती, भट्टीमालकाकडून उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) किती घेतली, हे तेरा वर्षांच्या पोराला चांगलं कळतं. दिवाळी आणि होळीच्या सुट्टीनंतर काही मुलं परत येतच नाहीत. मुलगे भट्टीवर हाताशी लागतात, मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला राहतात. जी परत येतात त्यातली काही रात्री रडतात. काही मुळीच बोलत नाहीत, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

मुलांच्या घरचं जगणं शाळेत दिसतं ते मुख्यतः ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी. तारपा नाच, भिंतीवर वारली चित्रं, पाहुण्यांची भाषणं. मला ते रोजच्या तासात हवं आहे, मुलांनी सांगावं आणि मी विचारावं अशा रीतीने.

एक प्रयोग छान जमला, तो लिहिते. घातांक शिकवताना घरची मापं घेतली. एका पायलीत ४ शेर, शेरात २ मापटी, मापट्यात २ चिपटी. म्हणजे पायलीत १६ चिपटी, २ चा चौथा घात. स्वयंपाकघरातून नागली आणून मुलांनी ती मोजून पाहिली. दोन पाड्यांवरून आणलेली मापटी सारखी भरेनात, तेव्हा जोरदार भांडण झालं आणि सगळ्यांसाठी एकच माप का ठरवावं लागतं, हे मुलांनी आपणच शोधलं. एरवी फळ्यावर यायला नकार देणारी मुलं त्या दिवशी माप धरून बसली होती.

असे आणखी धडे हवे आहेत. पुढे चक्रवाढ व्याज येतंय. त्यात भट्टीच्या उचलीचा हिशेब घ्यावा का? आणि रात्री रडणाऱ्या मुलाशी नेमकं काय बोलावं? आमच्याकडे समुपदेशक नाही. वसतिगृहाच्या अधीक्षिका मनापासून करतात, पण त्या एकट्या आहेत.

प्रतिसाद १

ताई, मी त्याच भागातला वारली, आश्रमशाळेतच शिकलो. आमच्या वेळी असा तास असता तर फार बरं झालं असतं.

शाळा जूनमध्ये उघडते तेव्हाच रानात शेवळं ही रानभाजी येते. मुलांना अधीक्षकांबरोबर जवळच्या माळावर न्या. कुठली भाजी कधी येते, कोणता भाग खायचा, कोणी शिकवलं, हे मुलांकडून वहीत लिहून घ्या. शेवळं नुसती खाल्ली तर घसा खवखवतो, म्हणून त्यात काकड झाडाची आंबट फळं घालतात. असं का, हा विज्ञानाचाच प्रश्न आहे. लोत, कुरडू, टाकळा, करटोली, पावसाळाभर वही भरत राहील. ओळख पक्की करायला गावातली एखादी जाणती आजी बरोबर हवीच. आणि तिला मानधन द्या, नुसता नारळ नको. भगताकडच्या (गावातल्या वैदूकडच्या) औषधांची माहिती मात्र लिहून घेऊ नका. ती कोणाला सांगायची ते त्याने ठरवायचं.

ध्वनीचा धडा तारप्यावर घ्या. भोपळ्यात फुंकलेली हवा बांबूच्या नळ्यांत जाते, आतली पाती थरथरते, पुढचा ताडाच्या पानांचा कर्णा आवाज बाहेर फेकतो. भोकांवरची बोटं उचलली की सूर बदलतो. तारप्याचा हंगाम भात तयार होतं तेव्हाचा, म्हणून वाजवणाऱ्याला विचारूनच वेळ ठरवा.

एक विनंती. कातकरी किंवा ठाकूर पोराच्या हातात वारली चित्र देऊन ‘ही तुझी कला’ असं म्हणू नका. त्याच्या घरी काय आहे ते त्यालाच विचारा. वारल्यांतही लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, सवासिनी लिहितात, त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा मशेंनी चित्र कागदावर आणलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पण चौकाचा मान घरात अजून वेगळाच आहे.

प्रतिसाद २

मी किशोरवयीन मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. रडणाऱ्या मुलाला ‘का रडतोस’ विचारू नका. त्याला कारण सांगता येत नसतं, आणि आपली चौकशी चालली आहे असं वाटतं. शेजारी बसा, पाणी द्या, ‘मी इथे आहे, सांगावंसं वाटलं तर ऐकते’ एवढं पुरे. सगळ्या वर्गापुढे मन मोकळं करायला लावणारे खेळ टाळा. हाताला काम असलं की मुलं आपोआप बोलतात. शेंगा सोलणं, दोरी वळणं, वाफे करणं. घरी फोन करायचा वार आणि वेळ ठरवून द्या. ‘रविवारी आईशी बोलायचंय’ हे माहीत असलं तरी आठवडा सोपा जातो.

गप्प आणि दमलेल्या मुलांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या निळ्या गोळ्या आठवड्याला मिळतात, त्या खरंच पोटात जातात का ते पाहा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मोफत तपासणी १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक मुलांना दिसतील असे लावा.

प्रतिसाद ३

उचलीचा हिशेब वर्गात नको. कोणाचं तरी घर उघडं पडेल. त्यापेक्षा बियाणं घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजातल्या, त्यांची गावठी बियाणं जपणारी बियाणं बँक मुलांना दाखवता येईल. घरून नागली, वरई, भाताचं बी आणायचं, १०० दाणे ओल्या फडक्यात ठेवायचे आणि उगवलेले मोजायचे. शेकडेवारी तिथेच झाली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उचलीबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. दोन-तीन वर्षांत यातलेच काही जण स्वतः भट्टीच्या मुकादमासमोर उभे राहतील आणि हिशेब येत नसेल तर नागवले जातील. म्हणून काल्पनिक कुटुंबाचा हिशेब घेईन. उचल, हजार विटांचा दर, दर आठवड्याची खर्ची, शेवटी हातात किती. कोणाही मुलाला घरचं विचारणार नाही. १०० दाण्यांचा प्रयोग याच आठवड्यात करते.

फोनची वेळ मुख्याध्यापकांशी बोलून ठरवते. आता एवढंच विचारायचं आहे: आजीचं आणि तारपा वाजवणाऱ्यांचं मानधन शाळेच्या कोणत्या खर्चात बसतं? आश्रमशाळेत कोणी असं बिल मंजूर करून घेतलं असेल तर कृपया प्रस्ताव कसा लिहिला ते सांगा. आणि कातकरी मुलांसोबत काम केलेलं कोणी इथे असेल तर जरूर लिहा. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी मुलं तीच आहेत.