नर्सरी चांगली आहे की नुसतीच चकचकीत, हे कसं ओळखायचं?

सातारकर_आई:
नमस्कार मंडळी. लेक साडेतीन वर्षांची. जूनपासून घराजवळच्या इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातलंय. नवी इमारत, वर्गात भिंतभर टीव्ही, दारात बस. फी ऐकून सासूबाई खालीच बसल्या होत्या. उभ्या-आडव्या रेघा होत्या तोवर ठीक चाललं होतं, आता रोज घरी एक पान कॅपिटल एबीसीडी आणि एक पान अंक. पोरगी पेन्सिल मुठीत धरते आणि दोन ओळी झाल्या की "आई, हात दुखतो" सुरू. काल वहीत लाल शेरा आला: नीट लिहीत नाही, घरी सराव घ्या. विचारायला गेले तर "बाकीची मुलं लिहितात की" असं उत्तर. त्यात जाऊबाईंचा मुलगा याच वयात पन्नासपर्यंत लिहायचा, हे दर रविवारी ऐकावं लागतं.

पलीकडच्या गल्लीत एका वाड्यात मराठी बालवाडी आहे. जाता-येता बघते, मुलं मातीत खेळत असतात. वह्याच नाहीत! काही शिकवतात तरी का, कळेना. शाळेचा दर्जा बघायचा तरी कशावरून?

एक_बाप_पुणे:
स्पष्ट बोलतो, राग नको. मातीत खेळून पुढे काय? आमच्या चिरंजीवांना पहिलीच्या प्रवेशाला बाजूच्या खोलीत नेऊन स्पेलिंग विचारली होती. ज्याला आली त्याला सीट. शाळा म्हणतेय तर सराव घ्या.

निवृत्त_ताई:
बाबासाहेब, पहिलीत घेताना मुलाची परीक्षा घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नेच बंदी आहे. पहिल्या खेपेला पंचवीस हजारांपर्यंत दंड. शाळा त्याला 'मुलाशी गप्पा' म्हणतात आणि आपण गप्प बसतो, हे मात्र खरं.

सातारकर, पोर हात दुखतो म्हणते ना, मग तो दुखतोच. मनगटात आठ बारकी हाडं. जन्मतः सगळी कूर्चा, हळूहळू त्यांचं हाड होतं. या वयात एक्स-रे काढला तर आठांतली जेमतेम तीन-चार दिसतील. असल्या मनगटाकडून चौकटीत मावेल असा 'बी' काढून घ्यायचा आणि वर लाल शेरा!

माझं सगळं आयुष्य डहाणूकडे बालवाडी चालवण्यात गेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची विकतची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, बिया घेऊन साधनं केली. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आम्ही त्याच वाटेने शिकलो. अरुंद तोंडाच्या बाटलीत एकेक चिंचोका टाकायचा, हा आमचा लेखनाचा पहिला धडा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जुळतंय का, एवढंच बाई बघणार. मग कणीक मळणं, शेंगा सोलणं, ओलं फडकं पिळणं. बोटांत जोर आला की पोर खडू आपसूक नीट धरतं.

पण वह्या नाहीत म्हणून ती वाड्यातली बालवाडी चांगलीच, असंही समजू नका हं. मुलं मोकळी सोडून बाई मोबाईलवर असतील तर ते पाळणाघर झालं. तासभर बसू द्या म्हणावं. गॅदरिंगच्या दिवशी जाऊ नका, साधा सोमवार बघा. भिंतीवर तीस मोर आणि तिसांचा पिसारा एकसारखा असेल, तर ते बाईंनी रात्री जागून कापलेत असं समजा. वर्गात बोलतंय कोण, ते ऐका. "येस टीचर"चा कोरस चाललाय, की एखादं पोर "आमची म्हैस व्याली" म्हणतंय आणि बाई विचारताहेत, "पारडू उभं राहिलं का रे? रंग कसा आहे? चीक खाल्लास का?" भाषा अशी वाढते. चड्डी ओली झालेल्या मुलाला कोपऱ्यात नेऊन बदलतात की सगळ्यांदेखत ओरडतात, तेही कळेल. नळ मुलांच्या हाताला पोचतो का बघा. आणि बाई किती वर्षं टिकल्यात, हे आवर्जून विचारा. दर जूनला नवी बाई दिसत असेल तर फी पगारात जात नाही, टीव्हीत जाते.

झेडपी_पहिली:
ताईंशी सहमत. मी पहिलीला शिकवते. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं येतात. "सात खडे आण" म्हटलं की मूठभर आणून ठेवतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. याच टप्प्यासाठी आलेल्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही खेळ, गोष्टी, गाणी, वस्तू हाताळणं यावरच भर आहे. तुमच्या शाळेला हे दाखवा. ऐकतील असं नाही, पण पालकाने वाचलंय म्हटल्यावर आवाज जरा उतरतो.

सातारकर_आई:
ताई, मनापासून आभार. सोमवारी वाड्यात जाऊन बसते. पण तोवर वहीचं काय करू? रोज पान तपासतात.

निवृत्त_ताई:
पान कोरंच पाठवा आणि खाली तुमच्या सहीनिशी लिहा, 'आज वाटीभर मटार सोलले.' परत शेरा आला तर इथे टाका, उत्तर आपण मिळून लिहू. आणि रविवारी जाऊबाई आल्या की पोरीला त्यांच्याच शेजारी सोलायला बसवा.